ट्रॉलीवरच्या घराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमच्या शेतात ट्रॅक्टरच्या जुन्या चारचाकी ट्रॉलीवर मालवाहू टेम्पोची बंद बॉडी बसवून आम्ही तिघं २०२१ च्या दिवाळीपासून राहतो. मी, हे आणि आमची मुलगी. बॉडी १४ फूट लांब, साडेसहा फूट रुंद, म्हणजे आत ९१ चौरस फूट जागा. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारतात, लग्नकार्यात बायका कोपऱ्यात घेऊन विचारतात, फोन तर रोज येतात. तेच तेच प्रश्न असतात आणि ते रास्त असतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते. खर्चाचे आकडे २०२१ पासून जसजसं काम झालं तेव्हाचे आणि आमच्यापुरते आहेत.

शेतात दोन खोल्या बांधायच्या सोडून ट्रॉलीवर का?

आमची जमीन खोल काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो, आणि आमच्याकडे मुरूम नऊ फुटांवर लागला. नुसत्या पायाचा हिशेब ऐकूनच आम्ही गप्प बसलो. उथळ पायावर बांधलेल्या खोल्यांच्या भिंती दोन-तीन पावसाळ्यांत कशा फाटतात, ते आजूबाजूच्या शेतांतल्या आखाड्यांवर बघितलेलं होतं.

दुसरं कारण वाटणीचं. गावातल्या घराचे तीन भाग झाले, आमच्या वाट्याला वसरी आणि एक खोली आली. शेत गावापासून चार किलोमीटर. पाण्याच्या मोटारीची लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. बारा वाजता उठून ह्यांनी अंधारात चालत जायचं, मी पहाटेपर्यंत फोनकडे बघत बसायचं, असं सहा वर्षं काढलं.

तिसरं कारण मी सहसा कुणाला सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. माझं माहेर किल्लारीपासून फार लांब नाही. आमच्या माळवदाची एक बाजू खाली आली. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर फूट-दीड फूट माती. त्या वजनाखाली आमच्या भागात हजारो माणसं झोपेतच गेली. पुढचं वर्षभर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. तापायचं, गळायचं, पण आई म्हणायची, इथं डोळा लागतो. अजूनही डोक्यावर हलकं छप्पर असलं की मला शांत झोप येते.

बॉडी कोणती घ्यावी आणि घेताना काय बघावं?

शक्य असेल तर दुधाच्या किंवा आइस्क्रीमच्या थंड गाडीची जुनी बॉडी शोधा. तिच्या भिंतींत आधीच पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, भरलेला असतो, म्हणजे ऊन अडवण्याचं निम्मं काम झालेलं असतं. घेताना भिंत बोटांनी वाजवत चला. कोरडा पफ हलका वाजतो. पाणी शिरलेल्या जागी आवाज बसका येतो, आणि ओला पफ नुसतं वजन वाढवतो, कामाचा राहत नाही. आम्हाला तशी मिळाली नाही, आम्ही साध्या पत्र्याची घेतली.

साधी घेत असाल तर आत शिरून दार पूर्ण लावून घ्यायला सांगा आणि अंधारात उभं राहून वर बघा. जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येणार. मग खाली वाकून आडवे चॅनल बघा. वरून रंग मारलेला असतो आणि आतून गंज पोखरून गेलेला असतो, स्क्रूड्रायव्हरनं टोचल्याशिवाय कळत नाही. आधी त्यात काय माल जायचा हे नक्की विचारा. कीटकनाशकं किंवा रसायनं वाहिलेली बॉडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. लाकडी फळ्यांत मुरलेला वास धुऊन जात नाही, आणि तिथं तुमचं लेकरू झोपणार आहे.

उंचीकडे लोक दुर्लक्ष करतात. आतून थर लावल्यावर वरून तीन इंच आणि खालून दीड इंच जातो. आमची बॉडी आतून पावणेसात फूट होती, आता सहा फूट साडेचार इंच उरली. ह्यांची उंची पाच फूट दहा, म्हणून जमलं.

२० फुटी जहाजी कंटेनर घ्यावा का, असंही विचारतात. घ्या, भक्कम असतो. पण तो रिकामाच सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, उतरवायला क्रेन लागते, आणि शेतरस्त्यानं क्रेन आत येते का हे आधी बघावं लागतं.

चासी दोन चाकी चालते का?

चालते, पण वजनाचा तोल सांभाळावा लागतो. दोन चाकी ट्रॉलीत मागं वजन जास्त झालं की पुढचा हूक वर उचलतो आणि ओढताना ट्रॅक्टरचा ताबा जातो. वजन जरासं हुकाकडं झुकतं असावं. चारचाकीत ही भीती कमी. जड वस्तू, म्हणजे कपाट, बॅटरी, धान्याच्या कोठ्या, शक्यतो एक्सलच्या वर किंवा दोन एक्सलांच्या मध्ये ठेवा. स्प्रिंगचे पाटे तुटलेले असतील तर आधी बदला. बॉडी चासीला बोल्ट आणि यू-क्लॅम्पनं आवळा, मध्ये रबराचे तुकडे द्या. भाऊजी लातूरला वेल्डिंगचं काम करतात, ते पहिल्या दिवसापासून सांगत होते की चासीच्या मुख्य चॅनलला भोक पाडू नका आणि त्यावर आडवं वेल्डिंग ओढू नका, तिथूनच पुढं तडा जातो.

उन्हाळ्यात भट्टी होत नाही का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत महत्त्वाचा आहे. खरं उत्तर असं, की पहिल्या उन्हाळ्यात झाली होती.

आम्ही सगळा पैसा आतल्या कामावर घातला होता. छान फडताळ, फोल्डिंगचा पलंग, खिडकीला जाळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दार उघडलं तर खिडकीजवळच्या फळीवर उभी करून ठेवलेली मेणबत्ती कमरेत वाकून फळीच्या कडेवरून खाली लोंबत होती. पेटवलेली नव्हती. तिला हात लावला तर लोण्यासारखी मऊ. त्या दिवशी मी मुलीला घेऊन कडुनिंबाखाली बाज टाकली आणि जूनपर्यंत आमच्या दुपारी तिथंच गेल्या. ट्रॉलीत फक्त सामान राहत होतं.

मराठवाड्यात मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. लातूरला साधारण १३-१४ मेच्या सुमारास दुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही, छत्रपती संभाजीनगरला आणखी पाच-सहा दिवसांनी. म्हणजे उन्हाचा सगळा मारा छतावर. भिंतींपैकी पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत भाजत राहते. म्हणून आधी सावली करा, मग आतलं काम. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, आणि लोक पुन्हा पुन्हा आधी पलंग करतात.

आम्ही दुसऱ्या वर्षी ट्रॉलीवर स्वतंत्र छप्पर केलं. चार कोपऱ्यांना आणि मधे दोन असे सहा लोखंडी पाइप, वर २२ बाय १६ फुटांचे पत्रे. हे छप्पर ट्रॉलीला कुठंही टेकत नाही. बॉडीचं छत आणि पत्रे यांच्यात दोन फूट मोकळी जागा आहे, तिथून वारा वाहतो आणि तापलेली हवा निघून जाते. पश्चिमेला पत्रा सहा फूट पुढं काढलाय, खाली शेडनेट सोडलंय आणि त्यावर कारल्याचा, दोडक्याचा वेल. पत्र्यावर दर मार्चमध्ये चुन्याचा हात मारतो, चुन्यात थोडा फेविकॉल घातला की पहिल्या पावसापर्यंत टिकतो. ज्यांना पत्रे परवडत नाहीत त्यांनी बांबूवर पाचट किंवा तुराट्या अंथरल्या तरी फरक पडतो, फक्त चुलीची ठिणगी आणि उंदीर सांभाळावे लागतात.

ट्रॉली उभी करताना लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेकडं येतील अशी ठेवा. मग पूर्व-पश्चिमेला फक्त रुंदीच्या आखूड भिंती राहतात.

आतला थर याच्या नंतरचा. आम्ही पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये दोन इंची थर्माकोल बसवला आणि त्यावरून सिमेंट शीट. थर्माकोल उघडा ठेवू नका, तो पेट घेतो आणि उंदीरही पोखरतात. अजून एक गोष्ट कळायला आम्हाला उशीर झाला. थर्माकोल कितीही जाड लावला तरी लोखंडी पट्ट्यांवर सरळ शीट ठोकली तर त्या पट्टीतून उष्णता आत येते. भिंतीवरून हात फिरवला की दर दोन फुटांवर गरम रेघ लागायची. मग शीट काढून पट्टीवर आधी लाकडी बत्ता मारला, मग शीट. रेघा गेल्या.

कूलर कोरड्या हवेत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये उत्तम काम करतो. पण दुपारभर चालला तर तीस-चाळीस लिटर पाणी पितो, ते आधी हिशेबात धरा. जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही, तेव्हा खिडक्या समोरासमोर असणंच कामी येतं.

आता मेमध्ये दुपारी आत बसून मी कपडे शिवते. थंडगार नाही म्हणणार, पण गावातल्या स्लॅबच्या घरापेक्षा आमची रात्र लवकर निवते, कारण पत्रा उष्णता धरून ठेवत नाही.

थंडीत काय?

थंडीचा त्रास कमी, ओलाव्याचा जास्त. डिसेंबर-जानेवारीत रात्री दार-खिडक्या गच्च लावल्या की तिघांच्या श्वासाची वाफ उघड्या लोखंडावर धरते आणि पहाटे थेंब पडतात. गाद्यांना वास येतो, बुरशी धरते. म्हणून वर एक झरोका कायम उघडा ठेवायचा. ऊब हवी म्हणून आत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि एवढ्याशा बंद जागेत माणूस झोपेतून उठतच नाही.

काळ्या जमिनीत चाकं खचत नाहीत का?

खचतात. पहिल्याच पावसाळ्यात मागचं डावं चाक चार इंच खाली गेलं, चौकट तिरकी झाली आणि दार अडकलं. मी आणि मुलगी आत होतो. ह्यांनी बाहेरून पहार लावून उघडलं.

त्यानंतर ट्रॉली ओढून बाजूला घेतली, वरची दीड फूट काळी माती काढली, मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस केली आणि भोवती चर काढला. आता वजन टायरवर नाही. एक्सलजवळ चार ठिकाणी सिमेंटचे ठोकळे, त्यावर स्क्रू जॅक. पातळी साधी बघते, ताटात पाणी ओतून ट्रॉलीत आत तळावर ठेवते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा जॅकला अर्धा आटा कमी-जास्त करावा लागतो. चाकं काढू नका, पण टायरवर पोती झाका, उन्हानं रबर तडकतं.

पाणी कुठून आणि किती लागतं?

पाण्याची सोय नसेल तर बॉडी घेऊच नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही.

तिघांना रोज साधारण १५० लिटर लागतात. पिण्या-स्वयंपाकाला वीस, अंघोळीला साठ, धुण्या-भांड्याला पन्नास, संडासाला वीस. बाहेर पाच फूट उंच स्टँडवर हजार लिटरची टाकी आहे, बोअरमधून भरते. टाकी ट्रॉलीवर ठेवू नका, हजार लिटर म्हणजे एक टन वजन. टाकीलाही सावली करा, नाहीतर मे महिन्यात संध्याकाळी सात वाजताही नळाला चटका बसतो. पिण्याचं पाणी रांजणात.

वरच्या पत्र्याचा दुसरा फायदा इथं झाला. ३५२ चौरस फुटांवर दहा मिलिमीटर पाऊस पडला की गळती-उडाव वजा जाता अडीचशे लिटरच्या वर पाणी पन्हाळीतून मिळतं. वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर अठरा हजार लिटर. साठवायला आमच्याकडे दोन हजारांचीच टाकी आहे, बाकीचं बोअरच्या भोवतीच्या खड्ड्यात सोडतो. पहिल्या दोन पावसांचं पाणी धरू नका, त्यात चुना आणि पक्ष्यांची घाण असते.

संडास आणि मोरी आत आहे का?

नाही, आणि आत करूही नका. एवढ्या जागेत ओल आणि वास दोन्ही सोसत नाही. ट्रॉलीपासून दहा पावलांवर दोन खड्ड्यांचा संडास आणि शेजारी मोरी बांधली, मधल्या वाटेवर फरशी टाकली आणि दिवा लावला. वाट आणि दिवा ही बायकांची पहिली मागणी असावी. एक खड्डा भरला की झाकून दोन वर्षं विसावू द्यायचा आणि दुसरा सुरू करायचा, पहिल्याचं तोवर खत होतं. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर जाड वाळू भरावी लागली. बोअर तिथून पन्नास फुटांच्या पुढं आहे.

मोरीचं पाणी शोषखड्ड्यात जातं, काठाला केळी आणि कर्दळ. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही हटवले, ते बघून आम्ही केला.

लाइटचं काय? मोटारीच्या लाइनवरून वायर टाकली तर?

टाकू नका. कृषिपंपाची जोडणी घरवापरासाठी नसते, आणि ती लाइन दिवसातले ठरावीक तासच असते. आम्ही सोलर केलं. ३३५ वॉटचे दोन पॅनल, १५० अँपिअरची एक ट्यूब्युलर बॅटरी.

हिशेब समजून घ्या, म्हणजे दुकानदार सांगेल ते घ्यावं लागणार नाही. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॉट-तास. लेड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून वापरायला ९००. साधा छताचा पंखा ७०-७५ वॉट ओढतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दोन बीएलडीसी पंखे रात्री दहा तास चालले की ६००, नऊ वॉटचे चार दिवे पाच तास म्हणजे १८०. रात्र निघते. साधे पंखे लावले असते तर पहाटे दोनलाच अंधार झाला असता. कूलर फक्त उन्हात, पॅनलवर. फ्रिज नाही. श्रावणात चार दिवस आभाळ राहिलं की आम्ही एका पंख्यावर येतो.

पॅनल दक्षिणेकडं तोंड करून साधारण अठरा-वीस अंश तिरपे ठेवा. वायर प्लास्टिकच्या पाइपातूनच न्या. आम्ही एक वायर उघडी सोडली होती, उंदरानं कुरतडली, आणि भिंत लोखंडाची आहे हे लक्षात घ्या. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) या दोन्हींत काटकसर करायची नाही.

स्वयंपाक आत करता का?

सकाळचा चहा आणि पावसाळ्यातला स्वयंपाक आत, एरवी छपराखाली बाहेर. भाकरी चुलीवर, तीही बाहेर. सिलिंडर बाहेर जाळीच्या पेटीत आहे, नळी भिंतीतून रबरी बुश लावून आत घेतलीय. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून शेगडीखाली तळाला चार इंचाचं भोक पाडून जाळी बसवलीय. नळी आयएसआय शिक्क्याची घ्या, आणि पाच वर्षं झाली की चांगली दिसली तरी बदला.

दाराबद्दल इतकं का सांगता?

कारण मालाच्या बॉडीचं दार बाहेरूनच बंद होतं. आत माणूस असणार हे ती बनवणाऱ्याच्या मनातच नसतं. बाहेरच्या दांड्या कोणी चुकून, वाऱ्यानं किंवा खोडी म्हणून लावल्या तर आतून उघडायला काहीही नाही. राहायला जायच्या आधी त्या दांड्या कापून टाका आणि आतून उघडणारं साधं दार बसवा. शिवाय दुसऱ्या टोकाला दोन बाय अडीच फुटांची, पूर्ण उघडणारी, गज नसलेली खिडकी हवीच. चूल एका बाजूला, दार त्याच बाजूला, आणि आग लागली तर निघायचं कुठून? आमच्या मुलीला आम्ही दिवा बंद करून त्या खिडकीतून बाहेर पडायला शिकवलं. सहा वर्षांची होती, दुसऱ्या खेपेला जमलं.

वादळात उडून जाणार नाही का? आणि वीज पडली तर?

वळवाच्या वाऱ्यात आधी जातो तो पत्रा. छपराचे पाइप काळ्या मातीत नुसते रोवून चालत नाही, आम्ही चार फूट खोल काँक्रीट केलं आणि पत्र्याला जे-बोल्ट नेहमीपेक्षा दुप्पट मारले. ट्रॉलीच्या चार कोपऱ्यांना साखळ्या, जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांतल्या कड्यांना. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली तिचा मार ज्यांनी बघितलाय, ते पातळ पत्रा घेणार नाहीत.

विजेचं म्हणाल तर चारही बाजूंनी लोखंड असलेल्या बंद पेटीत माणूस झाडाखाली किंवा उघड्या रानात असण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित असतो. पण भिंतीला, नळाला हात लावायचा नाही आणि सोलरचा स्विच पाडायचा. बॉडीला तांब्याच्या पट्टीनं अर्थिंग केलंय. ट्रॉली एकट्या उंच झाडाच्या अगदी बुंध्याशी लावू नका, कितीही सावली असली तरी. आमचा कडुनिंब चाळीस फुटांवर आहे. फोनमध्ये दामिनी ॲप ठेवा, आजूबाजूला वीज पडत असेल तर ते कळवतं.

साप-विंचवांचं भय?

जमिनीवरच्या कोपीपेक्षा, म्हणजे पाचटाच्या झोपडीपेक्षा, कमी. मण्यार रात्री निघते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, ट्रॉलीचा तळ साडेतीन फूट उंच आहे. पायऱ्या रात्री आत ओढून घेतो. खाली सरपण, कडबा, जुने टायर काहीही साठवू नका. चावलंच तर मांत्रिकाकडं घेऊन जाण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

परवानगी लागते का? रस्त्यावरून नेता येईल का?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रस्त्यावर न्यायची असेल तर ट्रॉली आरटीओकडं नोंदलेली हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं नोंदणीत लिहिलेल्या रचनेत मनानं बदल करता येत नाही, मंजुरी घ्यावी लागते. चालत्या ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, हे तर कायदा नसता तरी पाळावं. आमची ट्रॉली शेतातच उभी असते. आणायच्या दिवशी भाऊजींनी बॉडी ट्रकवर वेगळी आणली आणि इथं बसवली.

जमीन तुमच्या नावची असेल तर तुमच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याला, आधी भेटा. शेतघराचे नियम जमिनीच्या क्षेत्रावर आणि गावाच्या हद्दीवर अवलंबून असतात. जमीन एकत्र असेल तर भावकीची लेखी संमती घ्या. रेशनकार्ड, आधार आणि गॅसचा पत्ता आम्ही गावातल्या घराचाच ठेवलाय.

एकूण खर्च किती आला?

बॉडी ५८,०००. चासी दुरुस्ती, टायर, जॅक १९,०००. थर्माकोल, सिमेंट शीट, लाकूडकाम ४१,०००. सोलर आणि वायरिंग ४७,०००. वरचं छप्पर, बरेचसे जुने पत्रे वापरून, ३४,०००. टाकी, मोरी, संडास २८,०००. एकूण २ लाख २७ हजार. ट्रॉली घरची होती आणि भाऊजींनी मजुरी घेतली नाही, तुम्हाला ते दोन्ही धरावं लागेल.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना असं घर नेता येईल का?

हा प्रश्न मला बीड, धाराशिवकडच्या बायका विचारतात आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना जड जातं. दिवाळीच्या आसपास निघायचं ते मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या कडेला बांबू, पाचट आणि प्लास्टिकच्या कोपीत. अंघोळ उजाडायच्या आत, आडोशाला साडी बांधून. लेकरं फडात.

खरं सांगायचं तर एका कोयत्यानं, म्हणजे एका जोडप्यानं, स्वतःची अशी ट्रॉली करणं परवडत नाही. उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ पैसे, घेऊन तर करूच नका. ट्रॅक्टरमागच्या दोन्ही ट्रॉल्या उसासाठी लागतात, तिसरी जोडता येत नाही. पण आठ-दहा कोयत्यांच्या टोळीमागं एक बंद ट्रॉली असली, एकदा नेऊन कोप्यांजवळ उभी केली, तर तिच्यात दोन गोष्टी नक्की बसतात. निम्म्यात दार लागणारी मोरी आणि निम्म्यात लेकरांना दिवसा सावली, दिवा आणि उंच झोपायची जागा. आमच्या खर्चातून सोलर आणि छप्पर कमी केलं तर ते दीड लाखाच्या आत होतं. टोळीनं मुकादमाशी बोलतानाच ही मागणी घालावी, कारखान्यांनीही हा खर्च उचलावा. हंगाम संपला की ट्रॉली पुन्हा वापरता येते, कोपी दरवर्षी नवी बांधावी लागते. ज्या टोळीला करायची असेल तिला मापं आणि वेल्डिंगचा सांगाडा मी आणि भाऊजी काढून देऊ.

सासूबाई काय म्हणाल्या? पाहुणे आले तर?

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा पायरीवरच बसून राहिल्या, आत आल्या नाहीत. "घर म्हणजे उंबरा लागतो," म्हणाल्या. हे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच पडलेल्या वाड्यातल्या जुन्या चौकटीचा सागाचा उंबरा आणला, कापून मापात बसवला. आता संक्रांतीला, दसऱ्याला त्या स्वतः येऊन त्यावर हळद-कुंकू लावतात.

पाहुणे छपराखाली बाजेवर बसतात. आत तिघंच झोपू शकतात. मुलगी मोठी होतेय, तिला अभ्यासाला आणि एकटं बसायला जागा लागणार, तेव्हा पुढच्या वर्षी याच छपराखाली दुसरी छोटी बॉडी लावायचा विचार आहे.

वर्षभरात काय काय बघावं लागतं?

मार्चमध्ये चुना आणि टायरची झाकणं. अक्षय्य तृतीयेच्या आत पत्र्याचे सगळे बोल्ट आवळणं, पन्हाळी साफ करणं, जिथं गंजाचा फोड दिसेल तिथं खरवडून रेड ऑक्साइड. मृगाआधी चर मोकळा करणं आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडणं. पावसाळ्यात दर महिन्याला जॅकची पातळी. दसऱ्याला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, पॅनल पुसणं, साखळ्यांना ग्रीस. एकूण चार-पाच दिवसांचं काम आहे. बोल्ट आवळायला आता मुलगीच वर चढते, मी खालून शिडी धरते.